फोन, ॲप आणि आपली खासगी माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप, वेबसाइट आणि घरातली 'स्मार्ट' उपकरणं आपली माहिती कशी गोळा करतात, हे विचारलं की बहुतेक वेळा दोन टोकांची उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं, काही होत नाही, उगाच घाबरू नका. कोणी म्हणतं, आता काही हातात उरलेलं नाही. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: एका कामासाठी घेतलेली माहिती नंतर भलत्याच कामाला लावली जाते. माझ्या मते खासगीपणाच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

कंपन्यांना माझ्याबद्दल नेमकं काय माहीत असतं?

नाव, फोन नंबर, ईमेल, जन्मतारीख ही आपण स्वतः दिलेली माहिती. हा सगळ्यात छोटा भाग झाला.

दुसरा भाग आपल्या वागण्यातून टिपला जातो. कोणतं पान उघडलं, किती वेळ वाचलं, कुठल्या व्हिडिओवर बोट थांबलं, काय शोधलं, फोन कोणत्या वायफायला जोडला, आजूबाजूला कोणते फोन होते.

तिसरा भाग अंदाजांचा. फोन रात्री जिथे असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते कामाचं ठिकाण. दर आठवड्याला ठरावीक वेळी तो एखाद्या रुग्णालयात दिसला तर आजाराचा अंदाज, रोजचं कामावर जाणं अचानक थांबलं तर नोकरी गेल्याचा अंदाज. असा अंदाज सपशेल चुकीचाही असू शकतो, आणि तो आपल्या नावापुढे लागलाय हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. मला जास्त काळजी या तिसऱ्या भागाची वाटते. आपण काय दिलं ते निदान आठवतं तरी. आपल्याबद्दल काय ठरवलं गेलं ते दिसतच नाही.

मी लपवण्यासारखं काही करत नाही. मग मला काय फरक पडतो?

गाडी चालवण्यातही लपवण्यासारखं काही नसतं. तरी जनरल मोटर्सच्या गाड्यांचं प्रकरण बघा. गाडीतल्या एका सुविधेमार्फत चालकाचं ठिकाण, वेग आणि जोरात दाबलेला ब्रेक नोंदवला जात होता. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या ग्राहकहिताच्या सरकारी यंत्रणेच्या म्हणण्यानुसार ठिकाणाची नोंद काही वेळा दर तीन सेकंदांनी होत होती. ही माहिती पुढे अशा कंपन्यांकडे गेली ज्या विमा कंपन्यांना अहवाल पुरवतात. २०२४ मध्ये हे उघड झालं तेव्हा काही चालकांना पहिल्यांदा कळलं की आपला विम्याचा हप्ता का वाढला. त्यांनी काही लपवलं नव्हतं, कोणता गुन्हाही केला नव्हता. त्यांना फक्त विचारलं गेलं नव्हतं.

म्हणून 'लपवण्यासारखं काय आहे' या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. ही माहिती वापरून माझ्याबद्दल निर्णय कोण घेणार, आणि तो मला मान्य आहे का, हे विचारायला हवं. कर्ज, विमा, नोकरी, भाडं, एकाच वस्तूची दोन माणसांना दाखवली जाणारी वेगवेगळी किंमत, असे हे निर्णय असतात. शिवाय आज निरुपद्रवी वाटणारी गोष्ट उद्याही तशीच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. कायदे बदलतात, सरकारं बदलतात, कंपन्यांचे मालक बदलतात.

एखादं पान उघडलं की पडद्याआड काय होतं?

हे नीट बघण्यासारखं आहे. समजा तुम्ही एका बातमीच्या साइटवर मधुमेहावरचा लेख उघडला. मजकूर दिसायच्या आत पानावरच्या जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीसाठी लिलाव सुरू होतो. साइट एका जाहिरात-बाजाराला निरोप पाठवते: या फोनवर, या भागात, या भाषेत, हे पान कोणीतरी उघडलंय. सोबत फोनचं मॉडेल, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक), बहुतेक वेळा एखादा ओळख क्रमांक, आणि ॲपमधून येत असाल तर कधीकधी थेट नकाशावरचं ठिकाण. हा निरोप एकाच वेळी अनेक कंपन्यांकडे जातो. प्रत्येक कंपनी तो क्रमांक आपल्या साठ्यात शोधते, हा माणूस कोण, याच्यासाठी किती मोजायचे ते ठरवते आणि बोली लावते. सगळं साधारण १०० मिलिसेकंदांत उरकतं.

बोली एकच कंपनी जिंकते. पण निरोप सगळ्यांना मिळालेला असतो. हरलेल्यांनी तो वाचून फेकून दिला की साठवून ठेवला, हे बाहेरून तपासायची सोय नाही. जाहिरात दाखवण्याच्या नावाखाली 'अमुक माणूस अमुक ठिकाणी बसून मधुमेहाबद्दल वाचतोय' ही गोष्ट तिऱ्हाइतांच्या हाती जाते. फक्त माहिती मिळावी म्हणून या लिलावांत उतरणाऱ्या कंपन्याही आहेत.

कुकी बंद केल्या की झालं का?

बराच फरक पडतो, पण प्रश्न मिटत नाही. कुकी म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ती १९९४ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी आणली. हेतू साधा होता: खरेदीच्या टोपलीत काय टाकलंय हे साइटच्या लक्षात राहावं. पुढे जाहिरात कंपन्यांनी तीच युक्ती वापरून एकच माणूस वेगवेगळ्या साइटवर ओळखायला सुरुवात केली. यांना तिसऱ्या पक्षाच्या कुकी म्हणतात. सफारीने त्या २०२० मध्ये सरसकट बंद केल्या, फायरफॉक्सने माग काढणाऱ्या कुकी २०१९ पासून आपणहून रोखायला सुरुवात केली. गूगलने क्रोममधून त्या काढून टाकण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये केली, मुदती पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. ब्राउझर बनवणारी आणि जाहिराती विकणारी कंपनी एकच असली की काय होतं, ते इथे दिसतं.

कुकी नसली तरी ब्राउझरचा 'ठसा' उरतो. स्क्रीनचा आकार, बसवलेले फाँट, टाइमझोन, आवृत्ती असे बारीक तपशील एकत्र केले की ते बहुतेकांचे वेगवेगळे निघतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले तेव्हा ८३ टक्क्यांहून अधिक ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले होते. कुकी पुसता येते, ठसा पुसायला काही जागाच नसते.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे इतिहास न साठवणाऱ्या खिडकीत, मी सुरक्षित असतो ना?

तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर वापरणाऱ्या दुसऱ्या माणसापासून, हो. साइट, जाहिरात कंपन्या आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून, नाही. गूगलवर २०२० मध्ये याच मुद्द्यावरून अमेरिकेत दावा झाला. २०२४ मधल्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं आणि इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचना अधिक स्पष्ट लिहायचं मान्य केलं.

फोन माझं बोलणं चोरून ऐकतो का? बोललो त्याचीच जाहिरात दिसली!

हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाने घेतलाय आणि तो खोटा नाही. त्यामागचं कारण मात्र बहुधा वेगळं असतं. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासले. मायक्रोफोन गुपचूप सुरू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण करून तिसऱ्याच कंपनीला पाठवताना मात्र सापडले.

जाहिरात जुळते ती इतर मार्गांनी. ज्या मित्राशी बोललात त्याने घरी जाऊन ती वस्तू शोधली. तुम्ही दोघं एकाच वायफायवर, एकाच खोलीत होतात हे फोनला ठाऊक आहे. तुमचं वय, परिसर आणि अलीकडची खरेदी बघून ती वस्तू तुम्हाला हवी असेल हा अंदाज आधीच झालेला होता. ऐकण्याची गरज पडत नाही इतकी माहिती आधीपासून जमा असते. चोरून ऐकण्यापेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं.

आवाजी मदतनीसांची गोष्ट वेगळी आहे. ते हाक ऐकण्यासाठी सतत कान देऊन असतात, आणि कधीकधी चुकून जागे होतात. सिरीवर झालेली काही संभाषणं कंत्राटी कर्मचारी ऐकतात हे २०१९ मध्ये बाहेर आलं आणि ॲपलने माफी मागितली. त्यासंबंधीचा दावा कंपनीने २०२५ मध्ये साडेनऊ कोटी डॉलर देऊन मिटवला, चूक मात्र कबूल केली नाही.

'तुमची माहिती आम्ही निनावी करून ठेवतो' असं लिहिलेलं असतं. ते खरं का?

नाव काढलेलं असेल. माणूस मात्र ओळखता येतो.

लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० मध्ये दाखवलं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पाच आकडी क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक वेगळे काढता येतात. २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध नावांच्या जागी क्रमांक टाकून खुले केले. काही दिवसांतच पत्रकारांनी नुसते शोध वाचून त्यातल्या एका वृद्ध बाईंचं घर गाठलं. माणूस आपलं गाव शोधतो, आडनाव शोधतो, दुखणं शोधतो. नाव लिहायची गरज राहत नाही.

ठिकाणाच्या बाबतीत तर हे आणखी सोपं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. कोण कोणत्या तासाला साधारण कुठे होतं अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के माणसांना इतरांपासून वेगळं काढायला पुरेशा ठरल्या. आणि घर व कामाची जागा कळली की त्या नोंदीवर नाव चढवायला कितीसा वेळ लागतो?

लोकेशन बंद केलं की माग लागत नाही, बरोबर?

नेहमी नाही. गूगलच्या खात्यात 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी दुसऱ्याच नावाच्या एका सेटिंगमधून ठिकाण साठवलं जात होतं, हे असोसिएटेड प्रेसने ऑगस्ट २०१८ मध्ये दाखवून दिलं. गूगलने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. एका बटणाला 'बंद' असं नाव देऊन काम दुसऱ्या बटणातून चालू ठेवणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे. सेटिंग अवघड आहे म्हणून गोंधळ झाला, असं म्हणून ती सोडून देता येत नाही.

आयपी पत्त्यावरून परिसर कळतो, आसपासच्या वायफायवरून इमारत कळते आणि मोबाइल कंपनीला टॉवरवरून ठिकाण कळतंच. तरीसुद्धा लोकेशनची परवानगी काढून घ्या. अचूक ठिकाण आणि अंदाजे परिसर यात फार अंतर आहे.

माझे मेसेज एन्क्रिप्टेड आहेत. मग काय अडचण आहे?

मजकुरापुरती अडचण नाही. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सगळ्यांसाठी दोन टोकांमधलं एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला उघडता येणारं कुलूप, सुरू केलं आणि ते खरंखुरं आहे. कंपनीला मजकूर वाचता येत नाही. पण पाकीट चिकटवलेलं असलं तरी त्यावरचे पत्ते आणि शिक्का दिसतो, तशी तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोललात ही माहिती उरते. मध्यरात्री वकिलाला सहा मेसेज गेले, एवढं कळलं तरी मजकुराचा बराचसा अंदाज येतो. बॅकअप एन्क्रिप्ट केला नसेल तर जुन्या गप्पा तिथेही उघड्या राहू शकतात.

सिग्नल या मेसेजिंग ॲपचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये न्यायालयीन समन्स आलं तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही त्यांनी साठवलंच नव्हतं. कमी माहितीत मोठी सेवा चालवता येते, हे यातून सिद्ध होतं.

मी सोशल मीडियावर नाहीच. माझी माहिती त्यांच्याकडे कुठून येणार?

तुमच्या ओळखीच्या माणसांकडून. कोणीतरी ॲपला संपर्क यादी बघायची परवानगी दिली की त्यातला तुमचा नंबर, नाव, कधीकधी वाढदिवस आणि पत्ताही कंपनीकडे जातो. तुम्हाला कोणी विचारत नाही. शिवाय असंख्य साइटवर फेसबुकचा अदृश्य कोड बसवलेला असतो, आणि तो खातं नसलेल्यांच्या भेटीही नोंदवतो. मार्क झुकरबर्ग यांनी एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी संसदेसमोर कबूल केलं की खातं नसलेल्यांचीही माहिती गोळा होते. कारण सुरक्षेचं दिलं.

केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने एका ॲपमार्फत फेसबुकवरच्या लोकांची माहिती मिळवली, त्या प्रकरणातले आकडे बघा. प्रश्नमंजुषेचं ते ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं होतं. माहिती गेली ती फेसबुकच्या अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण घेणाऱ्यांच्या मित्रांचीही माहिती उचलता येत होती. 'ज्याची माहिती त्याची संमती' हे तत्त्व इथे मोडून पडतं. आपली माहिती कधीच फक्त आपली नसते, म्हणून वैयक्तिक सावधगिरीला मर्यादा आहे.

मी 'मान्य आहे' दाबलं होतं. मग तक्रार कशाची करणार?

त्या चौकटीकडे जरा नीट बघा. 'सर्व स्वीकारा' हे बटण मोठं, रंगीत, अंगठ्याच्या जागी. शेजारी करड्या अक्षरांत 'अधिक पर्याय'. ते दाबलं की डझनभर खटके, त्यातले काही आधीच चालू. खाली 'वैध हितसंबंध' नावाचा आणखी एक कप्पा, तो वेगळा उघडून वेगळा बंद करायचा. त्याखाली शेकडो 'भागीदार' कंपन्यांची यादी. शेवटी 'निवड जतन करा', आणि ते पुन्हा त्याच रंगात ज्या रंगात इतरत्र 'रद्द करा' असतं. होकार एका क्षणात, नकार पाच पायऱ्यांनी. हे चुकून घडत नाही, तसं मुद्दाम रचलेलं असतं. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणासाठी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला: कुकी नाकारणं स्वीकारण्याइतकं सोपं नव्हतं.

आणि अटी वाचण्याबद्दल म्हणाल, तर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधिकांनी २००८ मध्ये हिशेब केला होता. माणूस वर्षभरात जेवढ्या साइटवर जातो त्या सगळ्यांची खासगीपणाची धोरणं वाचायला दोनशेहून अधिक तास लागतील. तेव्हा स्मार्टफोन नुकतेच आले होते. अशा होकाराला संमती म्हणणं मला पटत नाही.

खुद्द संमती दिलेली असली तरी ती कशासाठी दिली, याला महत्त्व आहे. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून अधिक लोकांकडून 'खात्याच्या सुरक्षेसाठी' म्हणून फोन नंबर आणि ईमेल घेतले. तेच नंबर जाहिराती नेमक्या लोकांपर्यंत पोचवायला वापरले गेले. मे २०२२ मध्ये कंपनीने १५ कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. खातं सांभाळायला म्हणून नंबर देणाऱ्या काळजीवाहू माणसांनाच याचा फटका बसला, हे मला विशेष खटकतं.

'आम्ही तुमची माहिती विकत नाही' असं मोठ्या कंपन्या सांगतात. खोटं बोलतात का?

शब्दशः खरं असू शकतं. मोठ्या जाहिरात कंपन्या माहितीची यादी सहसा विकत नाहीत, त्या तुमच्यापर्यंत पोचण्याची वाट विकतात. फेसबुकची मालक कंपनी असलेल्या मेटाच्या उत्पन्नाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा आहे. माहिती हातची घालवली तर धंदाच जाईल.

यादी विकणारे वेगळे असतात. त्यांना माहितीचे दलाल म्हणतात. हवामान, खेळ, सवलतीची कुपनं अशा साध्या ॲपमध्ये त्यांचा कोड बसवलेला असतो आणि तो ठिकाण गोळा करतो. अनेकदा ॲप बनवणाऱ्यालाही ते पुढे कुठे जातं याचा पत्ता नसतो.

काही वेळा तर कंपनी स्वतः दिलेला शब्द मोडते. बेटरहेल्प ही ऑनलाइन समुपदेशनाची सेवा. मन मोकळं करायला येणाऱ्यांना 'हे गुप्त राहील' असं सांगितलं जायचं. त्यांचे ईमेल आणि 'आधी कधी समुपदेशन घेतलंय का' अशा प्रश्नांची उत्तरं जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंकडे गेली, असं फेडरल ट्रेड कमिशनने म्हटलं. २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. मदत मागायला आलेल्या माणसाशी असं वागणं मला अक्षम्य वाटतं.

टीव्ही आणि घड्याळसुद्धा?

हो. व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय बघतात ते सेकंदासेकंदाला टिपलं आणि विकलं. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पाहण्याची माहिती' किंवा 'एसीआर' अशा नावाचा खटका शोधा आणि बंद करा.

घड्याळांचं म्हणाल तर स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगभरातल्या धावण्या-सायकलिंगच्या वाटांचा नकाशा हौसेने प्रसिद्ध केला. नावं नव्हती. पण निर्जन वाळवंटात चमकणाऱ्या वर्तुळांवरून लष्करी तळांच्या आतल्या वाटा दिसू लागल्या.

सरकारला यातलं काय मिळतं?

अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून मोठ्या कंपन्यांकडची माहिती गुप्तचर यंत्रणांपर्यंत कशी जाते ते जगाला कळलं. आता आणखी सोपी वाट आहे: विकत घ्यायची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला की मोबाइल कंपनीकडून एखाद्याच्या ठिकाणाचा जुना तपशील घ्यायला पोलिसांना सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल. दलालाकडून खरेदी करायला मात्र ते मागितलं जात नव्हतं. तिथल्या गुप्तचर यंत्रणा बाजारातून अशी माहिती घेतात हे त्यांच्याच २०२३ मध्ये खुल्या झालेल्या अहवालात नमूद आहे. जाहिरातीसाठी जमवलेला साठा आणि पाळतीसाठी जमवलेला साठा यांत तांत्रिकदृष्ट्या काही फरक नसतो.

एआय चॅटबॉटला सांगितलेलं गुप्त राहतं का?

गृहीत धरू नका. बऱ्याच सेवांमध्ये संभाषणं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरली जातात आणि ते बंद करायचं सेटिंग वेगळं शोधावं लागतं. पुसलेल्या गप्पांचंही तसंच. २०२५ मध्ये एका प्रताधिकाराच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला चॅटजीपीटीवरच्या नोंदी, लोकांनी पुसलेल्यांसकट, जपून ठेवायचा आदेश दिला आणि तो काही महिने लागू होता. कंपनीने विरोध केला होता, पण साठा अस्तित्वात असला की त्यावर हक्क सांगणारे येतात. लोक चॅटबॉटला आजार, संसार, पैशाची ओढाताण सगळं सांगतात. नाव, नंबर, अहवालाचे फोटो निदान वगळा.

माहिती चोरीला गेली तर पासवर्ड बदलला की झालं ना?

पासवर्डपुरतं झालं. याहूच्या २०१३ च्या चोरीत ३०० कोटी खाती सापडली होती, तिथे हा उपाय होता. पण जन्मतारीख, चेहरा, बोटांचे ठसे कसे बदलणार? २३अँडमी या जनुकीय चाचणीच्या कंपनीतून २०२३ मध्ये ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि जनुकीय नोंदींचा साठा मालमत्ता म्हणून लिलावात आला. वंशावळीच्या कुतूहलापोटी थुंकीचा नमुना पाठवताना हे कोणाच्या मनात आलं असेल? आणि जनुकं भावंडांचीही असतात, मुलांचीही. त्यांनी तर नमुना दिलाच नव्हता.

कायदे आहेत ना?

आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो. युरोपातला माहिती-संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची आणि गरजेपुरतीच घ्यायची, ही त्यातली दोन तत्त्वं मला सगळ्यात मोलाची वाटतात. दंड जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मे २०२३ मध्ये मेटाला युरोपीयांची माहिती अमेरिकेत पाठवल्याबद्दल १२० कोटी युरोंचा दंड झाला. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२० मध्ये आला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा संमत झाला.

तरी दंडाने सगळं सुधारतं असं नाही. फेसबुकला २०१९ मध्ये अमेरिकेत ५०० कोटी डॉलरचा दंड झाला, धंद्याची पद्धत तीच राहिली. नियम मुळावर गेला की मात्र फरक दिसतो. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने ॲपना सक्ती केली की माग काढण्याआधी स्पष्ट विचारा. साधा प्रश्न, 'हो' आणि 'नाही' सारख्याच आकारात. २०२२ मध्ये मेटाने सांगितलं की यामुळे त्या वर्षी सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल. नीट विचारलं तर लोक काय उत्तर देतात ते यावरून कळतं. ॲपलचाही स्वतःचा जाहिरातींचा धंदा आहे, म्हणून हे काम एका कंपनीच्या मर्जीवर सोडू नये, कायद्यानेच करावं असं माझं मत आहे.

व्हीपीएन घेऊ का?

व्हीपीएन तुमची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमार्फत वळवतं, म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्यापासून लपायला उपयोगी आहे. बाकी, विश्वास एका कंपनीवरून उचलून दुसरीवर ठेवला एवढंच होतं. फेसबुकने ओनाव्हो नावाचं व्हीपीएन ॲप २०१३ मध्ये विकत घेतलं आणि लोक कोणती ॲप किती वापरतात हे त्यातून बघितलं. फुकटचं व्हीपीएन टाळा.

मग मी नेमकं काय करू?

थोड्याच गोष्टी करा, पण आज करा. अँड्रॉइडवर गूगलच्या जाहिरात सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात-ओळख क्रमांक पुसून टाका. आयफोनवर ट्रॅकिंगमध्ये जाऊन ॲपना विचारण्याचीच मुभा बंद करा. ब्राउझर फायरफॉक्स, ब्रेव्ह किंवा सफारी वापरा आणि जाहिराती रोखणारं एक्स्टेंशन घाला. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन उत्तम चालतं. लोकेशन 'ॲप वापरताना' आणि 'अंदाजे' एवढंच ठेवा. महिनोनमहिने न उघडलेली ॲप काढून टाका, यासारखा सोपा आणि परिणामकारक उपाय नाही. संपर्क यादीची परवानगी तर कोणालाही देऊ नका, कारण ती तुमची एकट्याची नाही. गूगल खात्यातली हालचालींची नोंद तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं ठरवून ठेवता येतं.

एवढं करूनही गळती राहील. तो दोष तुमचा नाही.

इतकी वर्षं माहिती गेलीच आहे. आता उशीर झाला नाही का?

नाही. अशी माहिती लवकर शिळी होते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही कुठे राहत होता, काय शोधत होता, याला जाहिरातदाराच्या लेखी फारशी किंमत नसते, त्याला आजचं हवं असतं. आज नळ बंद केला तर जुना साठा दर महिन्याला कमी उपयोगाचा होत जातो.

कंपनीकडे असलेली माझी माहिती मला बघता येते का?

बहुतेक मोठ्या कंपन्यांकडून उतरवून घेता येते. गूगलमध्ये 'टेकआउट' शोधा, फेसबुकमध्ये 'तुमची माहिती डाउनलोड करा'. फाइल मोठी असते, घाबरू नका. आधी जाहिरातींचा विभाग उघडा. तिथे तुमचा नंबर किंवा ईमेल असलेली यादी चढवणाऱ्या जाहिरातदारांची नावं असतात, आणि त्यातली बरीच तुम्ही कधी ऐकलेलीही नसतात. मग फेसबुकबाहेरच्या हालचालींचा विभाग बघा: कोणत्या ॲपने, कोणत्या दिवशी, तुमच्या भेटीची खबर दिली. ती जोडणी तिथेच तोडता येते.

त्या यादीतल्या अनोळखी नावांपैकी एक निवडा, त्यांच्या साइटवर खासगीपणाच्या तक्रारींचा ईमेल पत्ता शोधा आणि तीन ओळी लिहा: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कोणाकडून मिळाली, आणि ती पुसून टाका. जीडीपीआर लागू असेल तिथे त्यांना सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. इतरत्रही अनेक कंपन्या उत्तर देतात. उत्तर आलं नाही तर तोच ईमेल जोडून तुमच्या देशातल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करा.